मसनवटातला कंदील: तुमच्याही गावात काही दिसायचं का?

वर्धेकाठचा

मंडळी, परवा तेरवीसाठी गावी जाऊन आलो. गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीपासून दोनेक कोसांवर. पंगती उठल्यावर ओट्यावर टेकलो, तर बाजूला दहा-बारा वर्षांची चार पोट्टी मोबाइलवर कुठल्याशा परदेशी पडक्या वाड्यातली भुतं पाहत बसलेली. म्हटलं, अरे, आपल्या मसनवटात कंदील फिरतो, तो पाहिला का कधी? चौघांपैकी एकालाही पत्ता नाही. गावाला अजून धड डांबरी रस्ता नाही, आणि भूत मात्र बाहेरून मागवलेलं. मला खरंच वाईट वाटलं.

आमचा मसनवट असा: गावाच्या खालच्या अंगाला नाला, नाला ओलांडला की पांदण, पांदणीच्या डाव्या हाताला एकरभर पडीक. अर्ध्यात जाळतात, अर्ध्यात पुरतात. गोसाव्यांच्या समाध्या तिथेच, लहान लेकरंही तिथेच. मधोमध चिंच, कडेनं हिवराची झाडं. आता टिनाचं शेड झालंय, माझ्या लहानपणी तेही नव्हतं. माणूस मेला नाही तर तिकडे महिनोन्‌महिने कुणी फिरकत नसे.

1994 ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी नऊ वर्षांचा, चुलतभाऊ बारा. रात्री लघवीला म्हणून दोघं कोठ्यामागे गेलो (एकट्यानं जायची कुणाची छाती होती!) आणि पाहतो तर पांदणीत कंदील. जमिनीपासून हात-दीड हात वर, पिवळा उजेड, चालीच्या ठेक्यात डुलतोय. माणूस दिसत नाही. नाल्याकडून निघाला, मसनवटापर्यंत गेला, चिंचेपाशी थांबला आणि गेला. विझला म्हणावं तर तसंही नाही. नुसता गेला.

भाऊ कानात म्हणाला, "बंडीवाला."

बंडीवाल्याची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ. मृगाचं बियाणं घेऊन आर्वीहून परतणारा माणूस नाल्याच्या पुरात बंडीसकट वाहून गेला. माणूस सापडला, एक बैल सापडला, दुसरा बैल, ढवळ्या, सापडला नाही. तेव्हापासून तो कंदील घेऊन ढवळ्याला शोधतो. वाटेत कुणी भेटलं की विचारतो, "माह्या ढवळ्या पाह्यला का?" हो म्हटलंत की तुम्ही त्याच्या मागं चालू लागता आणि सकाळी नाल्यात सापडता. म्हणून रात्री पांदणीत कुणी काहीही विचारो, उत्तर एकच द्यायचं: नाही पाह्यला.

भावाला तो कंदील 2003 मध्ये पुन्हा दिसला, सायकलनं येताना. भाऊ आज शाळेत गुरुजी आहे, उगाच फेकणारा माणूस नव्हे.

तर तुमच्या गावच्या मसनवटात काय होतं ते सांगा. आणि आमचा कंदील काय असावा, तेही.

सावजी_रस्सा

नाही पाह्यला.

(आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

डॉ_कडुनिंब

आता कुणीतरी येऊन "हाडांतला फॉस्फरस पेटतो" असं लिहील, म्हणून घाईनं उत्तर देतोय. शाळेतलं ते स्पष्टीकरण अर्धवट आहे. हाडांत फॉस्फरस असतो तो कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात, आणि ते काही आपोआप पेटत नाही. नाहीतर आपण सगळेच काड्यापेट्या. दलदलीत कुजण्यातून मिथेन निघतो. त्यासोबत फॉस्फीन, डायफॉस्फेन असे वायू असले तर हवा लागताच पेट घेऊ शकतात, असा तर्क आहे. पण त्याला पाणथळ जागा हवी. दिवाळीनंतरच्या कोरड्या पडिकात, तोही पिवळा, दीड हात उंचीवर, चालीच्या ठेक्यात?

तो वायू नाही. ते रॉकेल आहे.

तूर_कपाशी

डॉक्टर बरोबर बोलले. राजेहो, दिवाळी झाल्यावर रात्री वावरात कोन नसते ते सांगा. हरभरा उगवला का रोही येते, डुक्कर येते, जागलीले जा लागते. ओलिताची मोटार लावाले जा लागते. आमच्या इकडे (दारव्हा) एक आठवडा लाइन दिवसा, एक आठवडा रात्री. सध्या रात्री बारा ते सकाळी आठ हाये. मसनवटाच्या धुऱ्याले धुरा लागून माह्य वावर. कपायाले बॅटरी बांधून जातो. पल्याडच्या गावातल्या पोट्ट्यायनं मले पाहून किती डाव मारुतीचं नाव घेतलं असंन, तो मारुतीच जाने.

सावजी_रस्सा

@तूर_कपाशी, खरं सांगा, भीती नाही वाटत?

तूर_कपाशी

वाटते ना. सापाची वाटते. ओल्या पायानं स्टार्टरले हात लावतानी करंटची वाटते. मेलेल्याची काय भीती? बुडा जाऊन तीन वर्षं झाले, सातबाऱ्यावरून अजून त्याचं नाव नाही निघालं. त्याले फेरफारातून फुरसत भेटंन तवा तो भूत होईन.

निशाचर

मी पक्षी-प्राणी पाहत रात्री भटकणारा माणूस, त्यामुळे मसनवट ही माझी आवडती जागा. शांत असते, जुनी झाडं टिकलेली असतात, कुणी कुऱ्हाड लावत नाही. गावातल्या निम्म्या भुतांची नावं मला माहीत आहेत. पांढऱ्या तोंडाची, आवाज न करता डोक्यावरून जाणारी आणि मग फिस्स करून अंगावर काटा आणणारी बाई म्हणजे गव्हाणी घुबड. ढोल्यांतून चार-पाच जण भांडल्यासारखं ओरडतात ते पिंगळे. माळावरून रात्री किंचाळत जातो तो करवानक; पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही गाडीची काच वर केली होती. आणि अंधारात दोन दिवे चमकतात ते बहुतेक वेळा कोल्ह्याचे किंवा रानमांजराचे डोळे. डोळ्याच्या पडद्यामागं आरशासारखा थर असतो, तो तुमच्याच बॅटरीचा उजेड परत फेकतो.

राहिला मसण्याऊद. झाडावर चढणारं काळमांजर. नावातच मसण आहे, बिचाऱ्याचा दोष इतकाच की त्याला चिंचेच्या ढोलीत झोपायला आवडतं.

मात्र यातलं काहीही पिवळा उजेड घेऊन चालत नाही. कंदिलाबद्दल मी डॉक्टरांच्या बाजूनं.

खापरी_नाका

मसण्याऊद म्हणजे काळमांजर नव्हे हो. आमच्याकडे बिज्जूला म्हणतात. अस्वलासारखा, पाठ पांढरट, नखं लांब. तो उकरतो.

निशाचर

गावागणिक नाव बदलतं. काळमांजरालाही म्हणतात, बिज्जूलाही म्हणतात. वन विभागाच्या फळकावर एक, आजीच्या तोंडी दुसरं.

खापरी_नाका

आजी बरोबर असते.

वर्धेची_लेक

तुम्ही सगळे विज्ञानात शिरलात, आपल्या जिल्ह्याचं मुख्य कारण कुणीच सांगेना. सेवाग्राम आपलं, पवनार आपलं, म्हणून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. आता हातभट्टीला काय लागतं? पाणी, आडोसा, आणि लोक न येण्याची खात्री. नाल्याकाठचा मसनवट म्हणजे तिन्ही एका जागी. आमच्या गावात मसनवटात "धूर निघतो आणि उग्र वास येतो, जळालेल्या प्रेताचा" असं मोठी माणसं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायची. एकदा धाड पडली, मोहाच्या सडव्याचे ड्रम निघाले, नाल्यात ओतले. त्यानंतर वर्षभर प्रेताचा वास आला नाही.

गडचिरोलीतही 1993 पासून बंदी आहे. चंद्रपुरात 2015 मध्ये आली, 2021 मध्ये उठली. त्या सहा वर्षांत तिकडे भुतं वाढली होती का? झाडीपट्टीवाल्यांनी उजेड पाडावा.

झाडीपट्टी

भुतं वाढल्याचं माहीत नाही जी, रात्री फिरनारे वाढले होते एवढं खरं.

पण माही गोष्ट वेगळी आहे, आणि ती पिऊन झालेली नाही हे आधी सांगतो. आमच्याकडे दिवाळी झाली की होळीपर्यंत नाटकं. वडसा म्हणजे कंपन्यांचं माहेर. नाटक रात्री चालू होते ते पहाटपर्यंत. मी, माहा साळा आणि एक दोस्त, तिघं मंडईतलं (दिवाळीनंतरच्या जत्रेतलं) नाटक पाहून पायी निघालो. गाव तीन किलोमीटर. धान कापलेलं, बांध्या मोकळ्या, म्हणून रस्ता सोडून धुऱ्याधुऱ्यानं घेतलं. धुकं असं की साळा दहा पावलांवर दिसेना. चालतो, चालतो, मोहाचं एक वाकडं झाड लागलं. पुन्हा चालतो, तेच झाड. तिसऱ्यांदा तेच. साळ्यानं तोंडातला खर्रा थुंकला आन म्हणाला, चकवा लागला.

आमच्यात यावर उपाय असा की अंगातला सदरा उलटा घालाचा. तिघांनी थंडीत कुडकुडत सदरे काढले, उलटे घातले, पुन्हा चालू लागलो, आणि सरळ मसनात जाऊन उभे. कालच जाळलेली राख, वरून धुकं, बाजूला फुटकं मडकं. दोस्त खाली बसला तो उठेना. तिथंच बसून उजाडाची वाट पाहिली. उजाडलं तर घर दोनशे पावलांवर. बाई अंगनात सडा टाकत होती, तिनं तिघांना उलट्या सदऱ्यात मसनातून येताना पाहिलं. त्या दिवशी गावात नवी गोष्ट तयार झाली, ती अजून चालू आहे. त्यात आम्ही तिघं मेलेले आहोत.

वर्धेची_लेक

"त्यात आम्ही तिघं मेलेले आहोत" 😂 आता आम्ही कुणाशी बोलतोय?

डॉ_कडुनिंब

@झाडीपट्टी, सदरा सोडा, बाकी सगळं शास्त्रशुद्ध आहे. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग उपग्रहावरून ठेवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बरेचसे सरळ गेले. ढग आले, चंद्र मावळला, की गोल फिरू लागले, आणि आपण गोल फिरतोय हे त्यांना कळतही नव्हतं. धुकं, रात्र, एकसारख्या बांध्या, दुसरं काय होणार? आणि उजाडेपर्यंत बसून राहायचं, हा आपल्या जुन्या लोकांचा उपाय अचूक होता.

झाडीपट्टी

म्हणजे जर्मनीतही चकवा आहे.

दगडगोटे

धागा वाचून राहवेना. नागपूरकडच्या मंडळींना एक विचारतो: काटोल रोडनं जाताना जुनापाणीला उतरलात का कधी? तिथं माळावर मोठमोठ्या धोंड्यांची गोल कडी आहेत, तीनशेच्या आसपास. आपण ज्याला मसनवट म्हणतो तोच तो, फक्त लोखंड नुकतं वापरात आलेल्या लोकांचा. अडीच हजार वर्षांहून जुना. 1879 मध्ये रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं काही कडी खणली. पुढे माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा अशा ठिकाणी खणलं. मेलेल्यासोबत ठेवलेली लोखंडी हत्यारं निघाली, काळी-तांबडी मडकी निघाली, माहुरझरीला तर माणसासोबत घोडा पुरलेला, त्याचा तांब्याचा साज. विदर्भाच्या मातीत मेलेल्याची सोय करण्याची हौस इतकी जुनी आहे.

या कड्यांना आजूबाजूचे लोक गवळ्यांची जागा म्हणतात, कुणी राक्षसांची. भूत क्वचितच म्हणतात. माझा अंदाज असा की भूत व्हायला मेलेल्याला ओळखणारं कुणीतरी जिवंत लागतं. तीन-चार पिढ्या गेल्या की भुताचा राक्षस होतो, आणि त्याच्याही पुढे गेलं की पुरातत्त्व खात्याचा फलक.

दुसरं. बऱ्याच गावांत "समाधी सरकते", "थडगं रात्री कूस बदलतं" असं सांगतात. ते मी स्वतः मोजून पाहिलंय, खरंच सरकतात. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पडतात. वर्षातून एकदा असा श्वास घेणाऱ्या जमिनीवर पाया नसलेला चौथरा ठेवला की तो तिरका होणारच. घरांच्या भिंती तडकतात तेव्हा आपण गवंड्याला शिव्या देतो, समाधी तडकली की आतल्या माणसाला.

तिसरं, हिंगणघाटकरांसाठी. तुमच्या गावात विल्यम लॅम्बटन पुरलेला आहे. ज्यानं 1802 मध्ये मद्रासहून सगळ्या हिंदुस्थानाची मोजणी सुरू केली, अर्ध्या टनाचं यंत्र माणसांच्या खांद्यावरून डोंगर चढवत मध्य भारतापर्यंत आणलं, तो 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला वारला. पुढे त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात रात्री टेकड्यांवर दिवे लावून कोन मोजायचे. त्या काळी खेड्यातल्या माणसानं टेकडीवर एकटाच दिवा पाहिला असेल तर त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी बरेचदा करतो.

खापरी_नाका

दगडगोटे आले की धागा लांबतो, पण वाचावा लागतो.

सावजी_रस्सा

तेरवीला जेवण काय होतं? मूळ पोस्टमध्ये महत्त्वाचं तेच राहिलं.

वर्धेकाठचा

वरण-भात, पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी. भाजी झणझणीत. मेलेली आत्या असती तर म्हणाली असती मीठ कमी आहे.

गोसाव्याची_पोर

इतका वेळ गंमत म्हणून वाचत होते, आता थोडं बोलते. मूळ पोस्टमध्ये "गोसाव्यांच्या समाध्या तिथेच" असं एका वाक्यात येऊन गेलं. आमच्यात जाळत नाहीत. बसवून, मीठ घालून समाधी देतात. आमच्या गावात मसनवटातल्या आठ समाध्यांपैकी सहा आमच्या घरच्या. त्यातली एक माझ्या पणजोबांची, जे गावातल्या पोरांना बाराखडी शिकवायचे, फुकट.

शाळेत मला पोरं विचारायची, तुमचा बुढा बसलेला आहे ना, मग तो लवकर उठत असेल? झोपलेल्यापेक्षा बसलेला माणूस लवकर उठतो, हा त्यांचा हिशोब. मला सहावीपर्यंत तो पटायचाही. मी घाबरायचे ती आपल्याच पणजोबांना. ज्यांच्या घरचं कुणी त्या मातीत नाही, त्यांना तिथं भूत दिसतं. आम्ही दर वर्षी तिथं चुना मारायला जातो, आम्हाला झुरळही दिसलं नाही.

वर्धेकाठचा

@गोसाव्याची_पोर, हे मनाला लागलं. आमच्या गावातही समाध्यांचं नाव घेऊनच पोरांना झोपवायचे. त्या घरातला माझा वर्गमित्र होता. त्याला काय वाटत असेल हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

झाडीपट्टी

भामरागडकडं माडिया लोक मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात. मी पाहिलेत, गावाबाहेर रांगेनं उभे. मी भीत भीत चाललो होतो तर सोबतचा माडिया दोस्त म्हणाला, काहून भीते, हे तर आमचेच लोक आहेत. तेच तुम्ही म्हणता ताई.

तर्ककठोर

माफ करा, पण या गोड गोष्टींची दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी. मसनवटात बाई दिसली, अशी गोष्ट उठते. मग गावात लेकरू आजारी पडतं, मग कुणीतरी एका विधवेकडे बोट दाखवतं. या विदर्भात असे प्रकार थांबावेत म्हणून नागपुरात श्याम मानवांनी 1982 मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. दाभोलकरांचा खून झाल्यावर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. ज्या गोष्टीला आपण इथे हसतो, तिच्यामुळे बायकांनी मार खाल्लाय.

सावजी_रस्सा

साहेब, आम्ही बैल शोधणाऱ्या भुताबद्दल बोलत होतो. त्यानं कुणाला मारलं?

तर्ककठोर

बैलाच्या भुताला माझी हरकत नाही. बाईच्या भुताला आहे.

बोरकाटी

तर्ककठोर यांचं वाचून लिहिते आहे. इथं नेहमी वाचते, लिहिलं कधी नाही.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. आमच्याकडे बायका मातीला जात नाहीत, नाल्यापर्यंत जाऊन परततात. माझ्या मोठ्या मायचं पहिलं लेकरू अठरा दिवसांचं होऊन गेलं. पुरुष मंडळी फडक्यात गुंडाळून घेऊन गेली, पुरून आली, अंघोळी केल्या, चहा घेतला. ती बाळंतीण, खोलीत. तिला कुणी जागा सांगितली नाही, तिनं विचारायची रीत नव्हती. आठेक दिवसांनी पाणी भरताना कुणीतरी बोललं की मसनात तरस येते, लहान खड्डे उकरते.

त्या रात्रीपासून ती जाऊ लागली. बोरीच्या काट्या घेऊन. धुऱ्यावरच्या कुंपणाच्या काट्या उपसायची आणि नेऊन मातीच्या ढिगावर पसरायची. ढीग कोणता ते माहीत नव्हतं. ताजे असे चार होते, तिनं चौघांवर घातल्या. हाताला काटे, सकाळी म्हणायची गवऱ्या वेचताना लागले.

महिनाभरात गावात गोठ पसरली. मसनात हिरव्या लुगड्यातली बाई येते, लेकरं उकरून काढते. हिरवं लुगडं तिच्या ओटीभरणाचं होतं. ही गोष्ट फिरत फिरत तिच्याही कानावर आली. आणि तिला ती खरी वाटली. आपल्याबद्दल आहे असं तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, तरस काय कमी होती, आता अशी बाईही येते. मग ती जास्त काट्या नेऊ लागली. जाताना भीतीनं तिचे दात वाजायचे म्हणे, पण जायची.

एका रात्री जागलीवरच्या कुणीतरी दगड मारला. कपाळावर खोक पडली. तेव्हा माझ्या आजोबांना कळलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं गाव कापूस वेचायला गेलेलं असताना, तिला सोबत घेऊन गेले आणि जागा दाखवली. हिवराखाली. ती जिथं काट्या घालत होती त्या चारांपैकी एकही नव्हती.

हे तिनंच सांगितलं, शेंगा फोडता फोडता, आम्ही पोरी मोठ्या झाल्यावर. सांगताना हसत होती. "मी मलेच भेत होती ना वं," म्हणे. कपाळाची खूण शेवटपर्यंत होती, ती कुंकू मोठं लावायची.

गोसाव्याची_पोर

🙏

तूर_कपाशी

काय लिहावं सुचत नाही ताई. आम्हीबी जागलीवर दगड मारले हायेत. डुकराले मारले समजून.

निशाचर

तरसाचं खरं आहे. उथळ पुरलेलं ते उकरतं, म्हणून वर दगड, काट्या घालायची पद्धत. एवढंच लिहितो.

आत्ताच_आलो

सगळं वाचलं नाही, पण आमच्या मामाच्या गावात मुंजा आहे पिंपळावर, लिहू का?

खापरी_नाका

उद्या लिहा.

बुडीत_गाव

एक रात्र जाऊ दिली, आता लिहितो. आमचं गाव पवनीजवळ, गोसेखुर्दच्या बुडितात. 1988 मध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केलं तेव्हा मी शाळेत होतो. गाव उठलं तोवर माझी पोरं शाळेत.

आमच्या जुन्या मसनवटात एक "पाटलीण" होती. काहीही हरवलं की तिच्या नावानं चिंचेला धागा बांधायचा, की सापडायचं. भूत म्हणा, देव म्हणा. नवीन गावठाणात अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात, त्यात स्मशानभूमीही येते. मिळाली. शेड आहे, ओटा आहे, हातपंप आहे. पाटलीण नाही. माझी आई पुनर्वसनाच्या सर्व्हेला आलेल्या पोराला खरंच विचारत होती, तिचं काय करता? तो पोरगा चांगला होता, हसला नाही. म्हणाला, आजी, फॉर्ममध्ये रकाना नाही.

पाणी भरलं तेव्हा चिंचेचा शेंडा दोन वर्षं दिसत होता. डोंगा घेऊन जाणारे ढिवर सांगायचे, त्यावर धागे आहेत अजून. नवीन मसनवटात आतापर्यंत तीसेक माणसं जाळली असतील, भुताची एकही गोष्ट नाही. सगळे नवखे आहेत तिथं, मेलेलेही.

दगडगोटे

रकाना नाही. 😐

वर्धेकाठचा

मंडळी, चार दिवस गायब होतो. तुम्हा सगळ्यांचं वाचून शेवटी आईला फोन लावला. विचारलं, तो मसनवटातला कंदील आठवतो का गं? जसं बोलली तसं लिहितो:

"कोनता कंदील? आपल्याच घरचा नव्हता का तो! लाइन रात्री यायची, तुहे आबाजी मोटार लावाले जायचे. चिंचेच्या मांगं आपली हीर, तिथं उतारात उतरलं का उजेड दिसत नव्हता."

मी थंड. म्हटलं, मग आम्हाला सांगितलं का नाही? तर म्हणे, "सांगून काय करतो? तुम्ही दोघं त्यायच्या मांगं लागले असते. हिरीले कठडा कुठी होता तवा!"

आणि बंडीवाल्याची गोष्ट? "तेबी त्यायनंच सांगतली तुम्हाले. मंग गावानं वाढवली."

ढवळ्या नावाचा बैल आमच्याकडेच होता. मला आठवतही नव्हता. त्याच्या आदल्या साली पाऊस गेला होता तेव्हा आबाजींनी विकला. आम्हा पोरांना सांगितलं होतं, मामाकडे दिलाय.

डॉ_कडुनिंब

रॉकेल! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

तूर_कपाशी

लाइन! म्याबी म्हटलं होतं.

वर्धेची_लेक

आणि मी हातभट्टीचा आळ घेतला. आबाजी, माफ करा.

दगडगोटे

आबाजी कधी गेले?

वर्धेकाठचा

1999 मध्ये. का?

दगडगोटे

मग 2003 मध्ये भावाला दिसला तो कंदील कुणाचा?

सावजी_रस्सा

असेल दुसरा कुणीतरी मोटार लावायला निघालेला. त्यात काय.

तूर_कपाशी

भावाले विचारा, त्या राती लाइन होती का?

वर्धेकाठचा

विचारलं. म्हणतो, लाइन कुठून असणार? डीपी जळून आठ दिवस झाले होते. शेतात काम नाही म्हणून तर तो तालुक्याला सिनेमा पाहायला गेला होता, तिथून परत येताना दिसला.

सावजी_रस्सा

नाही पाह्यला. नाही पाह्यला. नाही पाह्यला.

तूर_कपाशी

बावा, सव्वाअकरा झाले. माही लाइन बाराले हाये. आता सकायपर्यंत कोनी काही लिहू नका.